‘टिल’, ‘अंटिल’ की ‘बाय’? इंग्रजीत ‘पर्यंत’ लिहिताना काय करायचं, कोणत्या क्रमाने

‘आय विल सबमिट द डॉक्युमेंट्स टिल मंडे.’ वाळूजच्या कंपनीला पाठवलेली मेल असो, लातूरच्या क्लासला टाकलेला मेसेज असो की नांदेडच्या वसतिगृहातला अर्ज, हे वाक्य कुठं ना कुठं सापडतंच. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, सोमवारपर्यंत कागद देतो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते ‘सोमवार उजाडेपर्यंत कागद देतच राहीन’ असं ऐकू येतं. आपल्याकडचा साहेब अंदाजाने समजून घेतो. राज्याबाहेरचा, देशाबाहेरचा माणूस किंवा परीक्षेचा पेपर तपासणारा तसं करीलच असं नाही.

चूक शब्द पाठ नसल्यामुळे होत नाही. ‘टिल म्हणजे पर्यंत’ हे पाचवीच्या पोरालाही येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीतला एक ‘पर्यंत’ इंग्रजीतली सहा-सात कामं करतो. त्यामुळे ‘पर्यंत’कडे बघून शब्द निवडला की अर्ध्या वेळा चुकतो. निवड करायची ती वाक्यातल्या क्रियापदाकडे बघून. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला गाळू नका.

पूर्वतयारी: वाक्य आधी मराठीत पूर्ण करा

‘सोमवारपर्यंत’ एवढ्यावर भाषांतर करायला बसू नका. ‘सोमवारपर्यंत’ काय? थांबणार, देणार, की येणार नाही? पूर्ण वाक्य कागदावर उतरवा आणि त्यात तीन ठिकाणी खूण करा: क्रियापद, ‘पर्यंत’च्या आधी चिकटलेला शब्द, आणि वाक्यात ‘नाही’ असेल तर तो. पुढचे सगळे टप्पे या तीन खुणांवर चालतात. मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप वापरणार असाल तरी पूर्ण वाक्यच घाला. नुसता ‘सोमवारपर्यंत’ घातला तर ॲपलाही अंदाजच बांधावा लागतो.

शब्दकोश उघडणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजीत ‘टिल’चं स्पेलिंग एक, पण नेहमी भेटणारे शब्द तीन आहेत. एक वेळेचा, ‘पर्यंत’ या अर्थाचा. दुसरा दुकानातला गल्ला. तिसरा जमीन कसणं, मशागत करणं. पॉवर टिलर हे नाव त्यातूनच आलं आणि ‘लँड टू द टिलर’ म्हणजे आपली ‘कसेल त्याची जमीन’. समानार्थी शब्दांच्या यादीत या तिन्हींचे शब्द शेजारीशेजारी दिसले की पोरं ‘कल्टिव्हेट’ हा ‘टिल’चा समानार्थी म्हणून लिहून मोकळी होतात. तो आहेच, पण वेळेच्या ‘टिल’चा नाही. प्रश्नातलं वाक्य वाचल्याशिवाय समानार्थी शब्द लिहायचा नाही.

टप्पा १: काम चालू राहतं की एकदाच उरकतं?

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. क्रियापदाला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार आहे, की त्या वेळेच्या आत कधीतरी एकदा घडून संपणार आहे?

थांबणं, राहणं, शिकणं, वाट बघणं, चालू असणं, बंद असणं ही सलग चालणारी कामं. त्यांना ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. ‘मी पाच वाजेपर्यंत थांबतो’ म्हणजे ‘आय विल वेट अंटिल फाइव्ह’. देणं, पोचणं, भरणं, संपवणं, कळवणं ही एकदाच घडणारी. त्यांना ‘बाय’. ‘मी पाच वाजेपर्यंत पोचतो’ म्हणजे ‘आय विल रीच बाय फाइव्ह’.

फरक अंगवळणी पडायला ही जोडी घ्या. ‘मी परभणी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी उभी होती.’ उभं असणं चालू राहिलं, म्हणून ‘द ट्रेन वेटेड अंटिल आय रीच्ड’. आता ‘मी परभणी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती.’ सुटणं एकदाच घडलं, म्हणून ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’. मराठीत ‘पोचेपर्यंत’ हा शब्द दोन्हीकडे जसाच्या तसा आहे. बदललं फक्त क्रियापद, आणि त्यानेच इंग्रजी शब्द ठरवला.

इतिहासाच्या उत्तरातही हीच कसोटी चालते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. ‘होता’ हे सलग, म्हणून ‘अंटिल’. तिथं ‘बाय’ लिहिलं तर वाक्य उलटं फिरतं आणि त्या तारखेच्या सुमारास मराठवाडा निजामाकडे गेला असावा, असं वाचणाऱ्याला वाटतं.

तपासा: मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत कागद देतो’ चालतं, म्हणजे ‘बाय’. ‘पाचच्या आत थांबतो’ कानाला खटकतं, म्हणजे ‘अंटिल’. ही कसोटी आपल्या कानाने घ्यायची असल्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

टप्पा २: ‘पर्यंत’च्या आधी काय आहे?

आता दुसरी खूण. तिथं घड्याळाची वेळ किंवा तारीख असेल तर टप्पा १ मध्ये निवडलेला शब्द तसाच ठेवा.

एखादी घटना असेल, म्हणजे मराठीत ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’ किंवा आपल्या बोलण्यातलं ‘येईस्तोवर’, ‘होईस्तोवर’ असेल, तर सलग कामाला ‘अंटिल’ आणि एकदाच घडणाऱ्याला ‘बाय द टाइम’. घटनेच्या आधी नुसतं ‘बाय’ लावू नका. ‘बाय आय रीच्ड’ असं इंग्रजी नाही.

मुदत काळात मोजलेली असेल, दोन दिवस, तीन आठवडे, तर ‘बाय’ नको, ‘विदिन’ घ्या. ‘आठ दिवसांत उत्तर द्या’ म्हणजे ‘रिप्लाय विदिन एट डेज’. ‘विदिन’ला मोजणी कुठून सुरू होते तेही सांगावं लागतं. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट बहुतेकांना माहीत असते. तिच्यात ७२ या आकड्याइतकाच ‘कशापासून’ हा शब्द मोलाचा आहे. म्हणून ‘विदिन ७२ अवर्स’ एवढ्यावर थांबू नका, ‘विदिन ७२ अवर्स ऑफ द डॅमेज’ असं पुरं लिहा.

जागा असेल तर वेळेचा शब्दच वापरू नका. ‘बस परभणीपर्यंत जाते’ याला ‘टिल परभणी’ म्हणायची सवय आपल्याकडे फार आहे. ‘द बस गोज अॅज फार अॅज परभणी’ किंवा साधं ‘टू परभणी’ बरोबर. आकडा किंवा वजन असेल, ‘पन्नास हजारांपर्यंत’, ‘दहा किलोपर्यंत’, तर ‘अप टू’. हे दोन सुटे शब्द आहेत. फॉर्मवर जोडून छापलेले दिसतात म्हणून तुम्ही जोडू नका.

टप्पा ३: ‘नाही’ असेल तर इथं थांबा

इथं सावकाश जा. तिसरी खूण असलेली वाक्यं सर्वांत जास्त बिघडतात, आणि ती तीन तऱ्हांनी बिघडतात.

पहिली तऱ्हा दुहेरी नकाराची. मराठीत आपण म्हणतो, ‘चांगला पाऊस पडत नाही तोपर्यंत पेरणी करू नका.’ दोन नकार, आणि मराठीत ते शोभतात. इंग्रजीत ‘अंटिल’च्या पोटात तो पहिला नकार आधीच बसलेला असतो. म्हणून ‘डू नॉट सो अंटिल इट रेन्स’. ‘अंटिल इट डज नॉट रेन’ लिहिलं की सल्ला होतो, पाऊस थांबेपर्यंत पेरू नका. दर जूनमध्ये कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘झाल्याशिवाय’चंही ‘अंटिल’च होतं आणि त्याच्यापुढे ‘नॉट’ येत नाही.

दुसरी तऱ्हा ‘जोपर्यंत’ची. ‘जोपर्यंत विहिरीला पाणी आहे, तोपर्यंत मोसंबी तग धरील.’ जालन्याकडच्या बागायतदाराला याचा अर्थ सांगायला नको. पण ‘जोपर्यंत’ दिसलं म्हणून ‘अंटिल देअर इज वॉटर’ लिहिलं, तर अर्थ होतो पाणी येईपर्यंत, म्हणजे आत्ता पाणी नाही. इथं ‘अॅज लाँग अॅज देअर इज वॉटर’ हवं. ओळखायचं कसं? ‘जोपर्यंत’च्या भागात ‘नाही’ असेल तर ‘अंटिल’, नसेल तर ‘अॅज लाँग अॅज’. हा नियम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

तिसरी तऱ्हा जरा बारीक आहे. ‘सोमवारपर्यंत दाखला मिळणार नाही.’ मिळणं एकदाच घडतं, म्हणून ‘बाय’ घ्यावं असं टप्पा १ सांगेल. पण ‘न मिळणं’ ही अवस्था चालू राहते. त्यामुळे इथं दोन्ही शब्द बसतात आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘यू विल नॉट गेट इट अंटिल मंडे’ म्हणजे सोमवारी मिळेल, त्याआधी खेटे घालू नका. ‘यू विल नॉट गेट इट बाय मंडे’ म्हणजे सोमवारची मुदत हुकणार, पुढे कधी मिळेल ते सांगितलेलं नाही. सेतू केंद्रावर उभ्या असलेल्या माणसासाठी या दोन वाक्यांत एका चकरेचा फरक आहे. कोणतं म्हणायचं आहे ते आधी मराठीत ठरवा.

सावधान: ‘अनलेस अँड अंटिल’ ही जोडगोळी कचेरीतल्या इंग्रजीत फार फिरते. दोन शब्द लिहिल्याने वजन येत नाही. वेळेबद्दल बोलत असाल तर ‘अंटिल’, अटीबद्दल बोलत असाल तर ‘अनलेस’, एक निवडा.

टप्पा ४: ‘विल’ कुठं ठेवायचं

‘मी येईपर्यंत थांब’ याचं ‘वेट अंटिल आय विल कम’ होत नाही, ‘वेट अंटिल आय कम’ होतं. भविष्यातली गोष्ट असली तरी ‘अंटिल’, ‘टिल’ आणि ‘बाय द टाइम’ यांच्यानंतरच्या भागात ‘विल’ येत नाही. ते मुख्य वाक्यातच राहतं. मराठीचा आधार घ्या: ‘येईपर्यंत’मध्ये आपणही ‘येईन’ म्हणत नाही.

काम पूर्ण झाल्यावर भर द्यायचा असेल तर ‘हॅव’ चालतं: ‘अंटिल यू हॅव पेड द फी’. एवढं पुरे, यापेक्षा खोलात अर्जापुरतं जायची गरज नाही.

टप्पा ५: शेवटचा दिवस धरायचा की नाही?

‘३० जूनपर्यंत रजा’ म्हटल्यावर ३० तारखेला माणूस कामावर असतो का? मराठीत बहुतेक जण नसतो म्हणतील. इंग्रजी ‘अंटिल ३० जून’मध्ये मात्र हे पक्कं नाही, कुणी ३० तारीख धरतो, कुणी सोडतो. पगार, रजा, दंड, वैधता असं काही त्या दिवसावर टांगलेलं असेल तर ‘अंटिल’वर विसंबू नका.

रजेच्या अर्जात ‘फ्रॉम २७ जून टू ३० जून, बोथ डेज इन्क्लुसिव्ह’ लिहा आणि पुढच्या वाक्यात कामावर कधी येणार ते सांगा: ‘आय विल रिझ्यूम ड्यूटी ऑन १ जुलै’. दुसरं वाक्य असलं की पहिल्यावर वादच उरत नाही. अंतिम मुदतीसाठी ‘ऑन ऑर बिफोर’ सगळ्यात स्वच्छ. ‘बाय ३१ जुलै’मध्ये ३१ तारीख सहसा धरली जाते, ‘बिफोर ३१ जुलै’मध्ये ती धरली जात नाही. ही दोन एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात आणि मग ३१ तारखेला फॉर्म घेऊन गेलेला माणूस खिडकीवर भांडत बसतो. उत्पन्नाच्या किंवा नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर वैधतेची तारीख असते, बहुधा ३१ मार्च. तिथं ‘व्हॅलिड अप टू’ हा रूढ शब्दप्रयोग आहे. आपल्या अर्जात तो तसाच उतरवा, स्वतःचा नवा घडवू नका.

इतिहासाच्या उत्तरातही कडेची तारीख सांभाळा. मराठवाडा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ‘अंटिल ३१ ऑक्टोबर’ लिहून पुढे ‘फ्रॉम १ नोव्हेंबर’ जोडलं की मधला दिवस लोंबकळत नाही.

टप्पा ६: शब्द कुठल्या कागदावर चालला आहे ते बघा

‘टिल’ आणि ‘अंटिल’चा अर्थ एकच. ‘टिल’ बोलण्यात जास्त, ‘अंटिल’ अर्जात आणि वाक्याच्या सुरुवातीला शोभतो. ‘टिल’ हा ‘अंटिल’चा तोडलेला तुकडा नाही, म्हणून त्याच्या आधी वरचा स्वल्पविराम देऊ नका. स्पेलिंगमध्ये ‘टिल’च्या शेवटी दोन एल, ‘अंटिल’च्या शेवटी एकच. शिकलेलीही माणसं ‘अंटिल’ला दोन एल लावतात, तेव्हा पाठवण्याआधी एवढं तरी पाहाच.

सरकारी पत्रांत याच अर्थाचे आणखी काही शब्द भेटतात. ते लिहिले नाहीत तरी चालेल, पण वाचता आले पाहिजेत. ‘अंटिल फर्दर ऑर्डर्स’ म्हणजे पुढील आदेश होईपर्यंत. ‘नॉट लेटर दॅन’ म्हणजे उशिरात उशिरा. ‘पेंडिंग’ आपण ‘काम पेंडिंग आहे’ असा वापरतो. पण ‘पेंडिंग व्हेरिफिकेशन’ असं वाक्याच्या सुरुवातीला आलं तर अर्थ होतो पडताळणी होईपर्यंत. ‘टिल डेट’ भारतातल्या कचेऱ्यांत सर्रास चालतं. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला लिहिताना ‘सो फार’ किंवा ‘टू डेट’ घ्या. ‘आत्तापर्यंत उत्तर आलेलं नाही’ याला तर नुसतं ‘येट’ पुरतं: ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय येट’.

टप्पा ७: पूर्ण अर्जावर चालवून बघा

वसतिगृहातल्या किंवा महाविद्यालयातल्या पोरांना लागणारा हा मजकूर घ्या. तारीख नमुन्यादाखल आहे.

‘माझं जात वैधता प्रमाणपत्र अजूनपर्यंत आलेलं नाही. ते येईपर्यंत माझा प्रवेश तात्पुरता ठेवावा. ३१ ऑगस्टपर्यंत मी ते सादर करीन. त्या तारखेपर्यंत सादर केलं नाही तर प्रवेश रद्द करावा.’

चार वाक्यं, चार ‘पर्यंत’. पहिल्यात ‘येट’ पुरे: ‘आय हॅव नॉट येट रिसीव्ह्ड माय कास्ट व्हॅलिडिटी सर्टिफिकेट’. दुसऱ्यात ‘ठेवावा’ हे सलग आहे आणि ‘पर्यंत’च्या आधी घटना आहे: ‘प्लीज कीप माय ॲडमिशन प्रोव्हिजनल अंटिल आय रिसीव्ह इट’. ‘विल’ नाही, हे बघून घ्या. तिसऱ्यात सादर करणं एकदाच घडतं आणि शेवटचा दिवस धरायचा आहे: ‘आय विल सबमिट इट ऑन ऑर बिफोर ३१ ऑगस्ट’.

चौथ्यात ‘नाही’ आहे, म्हणून टप्पा ३ कडे परत जा. इथं म्हणायचं आहे ते मुदत हुकण्याबद्दल: ‘इफ आय डू नॉट सबमिट इट बाय दॅट डेट, माय ॲडमिशन मे बी कॅन्सल्ड’. इथं ‘अंटिल दॅट डेट’ लिहिलं तर कागद ३१ तारखेलाच द्यायचा, आधी दिला नाही म्हणून प्रवेश रद्द करा, असं काहीतरी भलतंच सहीनिशी कबूल केल्यासारखं होईल.